दोष झाकणे आणि साक्ष लपविणे

दुसऱ्याचा दोष झाकणे हे इस्लामी शिष्टाचारातील एक मोठे पुण्यकर्म आहे. जो आपल्या बांधवाच्या उणिवेवर पांघरूण घालतो, त्याच्या उणिवांवर अल्लाह कयामतच्या दिवशी पांघरूण घालील, या आशयाची हदीस आपण मुलांना लहानपणीच सांगतो. सूरह हुजुरातमध्ये टेहळणी आणि गीबत या दोहोंना एकाच आयतीत मनाई आहे. त्याच पवित्र कुरआनात, सूरह बकरहच्या २८३व्या आयतीत, साक्ष लपविणाऱ्याचे हृदय पापी ठरविले आहे. एरवी या दोन आज्ञा आपापल्या जागी असतात आणि एकमेकींच्या आड येत नाहीत. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात मात्र त्या समोरासमोर उभ्या राहतात.

त्या विभागातील रुग्णाच्या श्वासनलिकेत व्हेंटिलेटरची नळी असते, मोठ्या शिरेत औषधांची नळी असते, मूत्राशयात लघवीची नळी असते. प्राण वाचविण्यासाठी घातलेली प्रत्येक नळी जिवाणूंनाही वाट करून देते. या विभागात तीव्र प्रतिजैविकांचा मारा सतत चालू असल्यामुळे दुबळे जिवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे तेवढे मागे उरतात. क्लेबसिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर ही त्यांतील दोन कुप्रसिद्ध नावे. राखीव म्हणून ठेवलेल्या कार्बापेनेम गटातील औषधांनाही हे जिवाणू आता जुमानत नाहीत. मग मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून एके काळी मागे पडलेले कोलिस्टिन पुन्हा बाहेर काढावे लागते. २०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाले, असा अंदाज ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

यावरचा एक उपाय अगदी साधा आहे, तो म्हणजे मोजणे. विभागात आज दहा रुग्णांच्या मोठ्या शिरेत नळी असेल तर ते दहा नळी-दिवस झाले. अशा हजार नळी-दिवसांमागे किती जणांच्या रक्तात संसर्ग उतरला, कोणता जिवाणू सापडला, त्यावर कोणते औषध चालले आणि कोणते चालले नाही, याची नोंद ठेवायची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ पासून औषध-प्रतिरोधाच्या नोंदींचे जाळे उभारले आहे. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने अनेक रुग्णालये अतिदक्षता विभागांतील संसर्ग एकाच व्याख्येने मोजू लागली आहेत. मोजल्याने काय साधते हे इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ साली व्हिएन्नात दाखविले. तेथील दोन प्रसूतिविभागांपैकी एकात बाळंतिणी फार अधिक दगावत होत्या. शवविच्छेदन करून थेट प्रसूतीला येणाऱ्या डॉक्टरांच्या हातांतून हा मृत्यू येतो, हे त्याने ताडले. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती करताच काही महिन्यांत मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्याच्या अनेक समव्यवसायिकांना हे पटले नाही. आपलाच हात अपराधी आहे, असे सांगणारा आकडा कोणाला रुचेल?

येथेच नैतिक पेच सुरू होतो. जे रुग्णालय ताप येताच रक्त कल्चरसाठी पाठवते, त्याला संसर्ग सापडतात. जे पाठवतच नाही, त्याच्या वहीत शून्य असते. प्रामाणिक रुग्णालय कागदावर वाईट दिसते आणि डोळे मिटून घेणारे स्वच्छ दिसते. अशा वेळी व्यवस्थापनाच्या मनात येते की, कशाला आपली अब्रू चव्हाट्यावर मांडायची? दोष झाकणे हे तर पुण्यच.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या विद्वानांनी हजार-अकराशे वर्षांपूर्वी एका निराळ्या क्षेत्रात शोधून ठेवले आहे. हदीस सांगणारा प्रत्येक माणूस विश्वासार्ह नव्हता. कोणाची स्मृती कच्ची, कोणी बेफिकीर, कोणी चक्क खोटारडा. तेव्हा हदीसशास्त्राच्या इमामांनी ‘जरह व तअदील’ ही विद्या उभारली आणि नावानिशी लिहून ठेवले की अमुक दुर्बल आहे, अमुक विश्वासू आहे. ही गीबत नव्हे काय, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. इमाम नववी (रह.) यांनी रियाजुस्सालिहीनमध्ये गीबतीला मुभा देणारी सहा कारणे सांगितली आहेत. लोकांना हानीपासून सावध करणे हे त्यांपैकी एक, आणि रावींची पारख त्यातच येते. इमाम अली इब्नुल मदीनी (रह.) यांना त्यांच्या स्वतःच्या वडिलांविषयी विचारले गेले, तेव्हा प्रथम त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारा असे सांगितले. आग्रह झाल्यावर मान खाली घालून ते म्हणाले की, हा धर्माचा विषय आहे, माझे वडील दुर्बल आहेत. सूरह निसाच्या १३५व्या आयतीत स्वतःविरुद्ध व मातापित्यांविरुद्धही न्यायाची साक्ष देण्याची आज्ञा आहे. तिचे पालन किती जड असते ते या प्रसंगात दिसते.

ज्या दोषाची हानी दोषी माणसापाशीच संपते, तो झाकावा. ज्याची हानी शेजारच्या खाटेपर्यंत पोहोचते, त्याविषयीचे मौन म्हणजे साक्ष लपविणे होय. अर्थात त्या विद्येला शिस्तही होती. रावीच्या कथनाशी संबंधित तेवढेच सांगायचे, बाकीचे आयुष्य उकरायचे नाही. संसर्गाच्या नोंदीलाही हीच मर्यादा हवी. आकडा उघडा असावा, रुग्णाचे नाव झाकलेले असावे. आठ खाटांमागे धावणाऱ्या एकट्या परिचारिकेला दोषी ठरविण्यासाठी ती वही वापरली, तर पुढच्या महिन्यापासून वहीत खोटेच उतरेल. उतावीळपणे नाव चिकटविल्याने काय होते हे आपण २०१० मध्ये पाहिले. एका प्रतिरोधक विकराला नवी दिल्लीचे नाव दिले गेले आणि देशात संतापाची लाट उसळली. शहराला असा डाग लावणे मलाही अनुचित वाटते. परंतु नावाविषयीच्या त्या वादात जिवाणूची चर्चा मागे पडली, हे अधिक वाईट झाले.

‘मृत्यू तर लिहिलेलाच होता’ हे वाक्य अशा वेळी फार सोयीचे ठरते. शामच्या वाटेवर सर्ग येथे प्लेगची वार्ता कळताच हजरत उमर (रजि.) यांनी माघारी वळण्याचा निर्णय घेतला. अल्लाहच्या नियतीपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. आपण अल्लाहच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत, या आशयाचे उत्तर उमर (रजि.) यांनी दिले. कोरडा उतार आणि हिरवा उतार समोर असताना उंट कोठे चारायचे, हे मालकाने ठरवायचे असते. हात धुणे हादेखील तसाच हिरवा उतार आहे. दोषाचे ओझे नियतीवर टाकणाऱ्यांना या घटनेत आधार मिळत नाही.

हा पेच आपल्या घरांतही येतो. अब्बांना एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवायचे असते. कल्चरच्या रिपोर्टमध्ये कोणत्याच औषधाला दाद न देणारा जिवाणू लिहिलेला असतो. कोणीतरी सुचवते, “तो कागद फाइलमधून काढून ठेवा, नाही तर खाट मिळणार नाही.” सुचविणाऱ्याच्या मनात पाप नसते, वडिलांची काळजी असते. पण आजारी उंट निरोगी उंटांमध्ये नेऊ नका, या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीचा भंग होतो तो येथेच. तो कागद नव्या डॉक्टरांच्या हाती पहिल्याच भेटीत द्यायला हवा. त्यांचे पहिले औषध त्यावरूनच ठरणार असते. लपविल्यास शेजारच्या खाटेआधी अब्बांचेच नुकसान होते. आणि तो कागद पाहून जे रुग्णालय दार लावून घेते, त्याला ही हदीस पुढे करण्याचा अधिकार नाही. आजारी उंट वाऱ्यावर सोडा, असे तिच्यात म्हटलेले नाही. कोपऱ्यातील खाट, प्रत्येक स्पर्शाआधी हातमोजे व अंगरखा, स्पर्शानंतर हात धुणे आणि शक्य झाल्यास वेगळी परिचारिका, एवढी व्यवस्था रुग्णालयाने करायची आहे.