मुलाखतीत शब्बाथ सांगावा काय?

सिंगापूरला वृत्तपत्राच्या कचेरीत मुलाखतीस निघालेल्या मुलाला आपण बजावतो : महिनाभराचे अंक वाच, आपल्या लेखांची कात्रणे नीट लाव. शब्बाथचे मात्र म्हणतो, "आधी नोकरी लागू दे, मग बघू." हा सल्ला आम्हीही दिलेला आहे. आज तो आम्हास चुकीचा वाटतो.

'द स्ट्रेट्स टाइम्स' हे १८४५ पासूनचे पत्र. रविवारचा अंक म्हटला की शनिवारचे काम आलेच. आपण नसलो तर ते सहकाऱ्याच्या पाठीवर पडते. हे झाकून जागा मिळवणे म्हणजे 'गेनेवात दाअत', मनाची चोरी. ती परधर्मीयाचीही करू नये, असे तालमूद सांगते.

पण विचारलेले नसताना पहिल्याच वाक्यात धर्म मांडला, तर गुण पाहण्याआधीच दार मिटायचे. तेव्हा कामाच्या वेळांचा विषय निघाला की सांगावे. न निघाल्यास होकार देण्यापूर्वी आपणच काढावा. रविवारची व नाताळची पाळी आपण घेऊ, हेही सांगावे. तेथे सूर्य बाराही महिने सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे शुक्रवारी निघण्याची वेळ वर्षभरासाठी ठरवून देता येते. लंडनच्या हिवाळ्यात चारच्या आधीच धावाधाव!

कोकणात आपल्या वाडवडिलांचा घाणा शनिवारी बंद असे. त्यांनी ते लपवले नाही; 'शनवार तेली' हे नावच पडले. अर्थात घाणा त्यांचा स्वतःचा होता, कचेरी परक्याची आहे. खरे सांगितल्याने नोकरी जाऊही शकते. आमच्या घरी एक गेली, आणि त्या रात्री जेवताना कोणी बोलले नाही.