‘मी’ आणि उत्तरदायित्व

१६३७ साली देकार्तचा विचारपद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी बंगळूर विजापूरकरांनी जिंकले आणि ते शहाजीराजांकडे आले. तुकोबांच्या अभंगरचनेचाही काळ हाच. देकार्तने सर्वच गोष्टींविषयी संशय घेतला. संशय घेणारा ‘मी’ मात्र त्याला निःसंशय वाटला. तुकोबांना तोच ‘मी’ ईश्वरप्राप्तीच्या वाटेतील अडसर वाटला. एवढ्यावरून पश्चिमेने ‘मी’ स्थापिला आणि पूर्वेने तो विसर्जिला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु १७३९ मध्ये ह्यूमला अंतरंगात केवळ संवेदनांचा समूह आढळला. उलट आपल्याकडे नैयायिकांनी बौद्धांविरुद्ध नित्य आत्म्याचा कैवार शतकानुशतके घेतला. तेव्हा हा भेद दिशांचा नव्हे.

खरा प्रश्न नैतिक आहे : ‘मी’ नाहीच, तर केल्या कर्माचा जाब कोणी द्यावा? तुकोबा आपल्या वाणीचे श्रेय विठ्ठलाला देतात, दोष मात्र स्वतःच्या पदरी घेतात. अहंता सुटावी, परंतु उत्तरदायित्व सुटू नये, असा हा विवेक आहे. आपण बहुधा याच्या उलट वागतो. यश आपले म्हणतो आणि अपराधाच्या वेळी प्रारब्धाकडे बोट दाखवितो. अशा वेळी अनात्मवादाचाही आडोसा होऊ शकतो, हे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने विसरू नये.