कुणीही न वाजवलेला सूर

गिटारच्या जी तारेवर दुसऱ्या फ्रेटला २२० हर्ट्झचा सूर मिळतो आणि बी तारेवर पाचव्या फ्रेटला जवळपास ३३० चा. आपल्या भाषेत षड्ज आणि पंचम. बाकीच्या तारा हाताने दाबून धरायच्या आणि हे दोन सूर एकदम छेडायचे. अँप कमी आवाजावर असेल तर दोनच सूर ऐकू येतात. मग व्हॉल्यूम चढवत जायचं. आवाजाला कडा येते, तो भरतो, आणि एका टप्प्यावर त्याच्या खाली तिसरा सूर उभा राहतो, ११० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज. ११० ची मोकळी तार तर आपण हाताखाली दाबून ठेवलेली असते. तो सूर कुणी वाजवलेला नसतो.

हा कानाचा भास नव्हे. जुझेप्पे तार्तिनी या इटालियन व्हायोलिनवादकाला १७१४ मध्ये दोन तारांवर एकदम गज फिरवताना असाच तिसरा सूर ऐकू आला होता, पण तो बराचसा ऐकणाऱ्याच्या कानात तयार होतो. व्हॉल्व्हच्या अँपमधला तिसरा सूर हवेत असतो. मोबाईलवर स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप उघडून स्पीकरसमोर धरलं की ११० पाशी सुळका वर आलेला दिसतो. व्हॉल्यूम उतरवला की तो बसतो.

मी व्हॉल्व्हचे अँप दुरुस्त करते. वडिलांचं सांगलीला रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, सोल्डर धरायला मी तिथे शिकले. वडिलांचे थोरले भाऊ न्यायदर्शन शिकवायचे. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ मी त्यांच्याकडून शिकले, १८९७ साली मुंबईत छापलेल्या आठल्ये-बोडसांच्या प्रतीवरून. त्यामुळे हा सूर आला कुठून, हा प्रश्न मला दोन बाजूंनी पडतो. विजेच्या बाजूने त्याचं उत्तर सोपं आहे.

१२एएक्स७ या व्हॉल्व्हमध्ये ग्रिडवरचा व्होल्टेज जरासा हलला की कॅथोडकडून प्लेटकडे जाणारा इलेक्ट्रॉनांचा लोंढा पुष्कळ हलतो. सिग्नल लहान असेपर्यंत हे नातं जवळजवळ सरळ रेषेचं असतं. सिग्नल मोठा झाला की रेषा वाकते आणि लाटेचं एक टोक दुसऱ्याच्या आधी चपटं होतं. सरळ रेषेवरून दोन सूर एकमेकांना न शिवता निघून जातात. वाकलेल्या रेषेवर त्यांचा गुणाकार होतो आणि त्यातून त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूर निघतात. ३३० वजा २२०, एकशे दहा. पंचमाऐवजी गांधार घेतला तर २७७ वजा २२०, म्हणजे ५७. षड्ज ५५ ला आणि कोमल ऋषभ ५८ च्या जरा वर, त्यामुळे हा सूर मधेच कुठेतरी लटकतो आणि आवाजाचा चिखल होतो. रॉक वाजवणारे चढवलेल्या अँपवर गांधार गाळून नुसता षड्ज-पंचम धरतात, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

दर्शनशास्त्राच्या बाजूने मात्र भांडण जुनं आहे. कार्य उत्पन्न होण्यापूर्वी कारणात असतं की नसतं? सांख्य म्हणतात, असतं. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या नवव्या कारिकेत त्याची पाच कारणं दिली आहेत. तेल हवं असणारा माणूस तीळ घेतो, वाळू घेत नाही, कारण तेल तिळात आधीच आहे आणि घाणा ते फक्त बाहेर काढतो. नैयायिक म्हणतात, नसतं. मातीत घडा नव्हता, कुंभाराने तो नव्याने केला. आमच्या घरातली श्रद्धा सांख्यांच्या बाजूची होती. मूर्ती दगडात आधीच असते, शिल्पकार फक्त जास्तीचा दगड काढतो, हे कीर्तनातलं वाक्य माझ्या आईला फार प्रिय होतं. माणसाबद्दलही तिचं तेच मत: जे आहे ते आतच आहे, नवीन काही होत नाही, आहे तेच प्रकट होतं.

मला हे कधी पटलं नाही, आणि ते का पटत नाही हे मला या सुराने नीट दाखवलं. दोन अँप घ्या. एकाला नुसता षड्ज द्या, दुसऱ्याला नुसता पंचम. दोन्ही एकाच खोलीत, दोन्ही तितकेच चढवलेले. हवेत सगळे सूर एकत्र आले तरी एकशे दहाचा सुळका येत नाही. तो यायला दोन्ही सूर एकाच व्हॉल्व्हमधून जावे लागतात. म्हणजे तो षड्जात नव्हता, पंचमात नव्हता, आणि नुसत्या व्हॉल्व्हमध्येही नव्हता, कारण काही न वाजवता चालू ठेवलेला व्हॉल्व्ह फार तर खरखरतो.

हे मी काकांना कारखान्यात बसवून ऐकवलं. ते म्हणाले, “अगं, सांख्य काय म्हणेल सांगू? तुझ्या त्या वाकलेल्या रेषेत तो सूर अव्यक्त होता.” मी म्हटलं, “मग काका, जगातल्या यच्चयावत सुरांच्या यच्चयावत जोड्यांचे तिसरे सूर त्या बोटाएवढ्या काचेत आत्ता भरलेले आहेत असं म्हणावं लागेल. ‘आत’ म्हणजे मग काय उरलं?” त्यावर त्यांनी मला न्यायाचं नेहमीचं उत्तर माझ्याकडूनच वदवून घेतलं. प्रकट होणं हे तरी आधी होतं का? होतं म्हणाल तर अँप चढवायची गरज नाही. नव्हतं म्हणाल तर निदान एक गोष्ट नवी झाली, आणि नवं काही होतच नाही हा हट्ट तिथेच सुटला.

तिसरा सूर अँप करणाऱ्याच्या मनात तरी होता का? लिओ फेंडर यांना स्वच्छ आवाज हवा होता आणि बासमन हा अँप तर त्यांनी बास गिटारसाठी केला होता. गिटारवादकांनी तो चढवून वाजवला. लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शल, केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्याच सर्किटवरून जेटीएम४५ बांधला. पहिल्या व्हॉल्व्हच्या जागी १२एवाय७ ऐवजी दुपटीहून जास्त गेनचा ईसीसी८३, म्हणजे १२एएक्स७च, बसवला आणि फेंडरच्या उघड्या पाठीच्या दहा इंची जेन्सन स्पीकरऐवजी बंद पेटीत बारा इंची सेलेस्टियन घातले. १९६६ मध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनने डेक्काच्या स्टुडिओत जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर मार्शलचा अँप स्टेजवर असतो तितका मोठा ठेवून वाजवला. तो आवाज रेकॉर्ड झाला, पण यांपैकी कुणी तो कागदावर आखलेला नव्हता. त्याआधी १९५१ मध्ये ‘रॉकेट ८८’ या गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या वेळी तर वाटेत अँपच नादुरुस्त झाला, स्पीकरला कागदाचा टेकू दिला, आणि मेम्फिसला ते रेकॉर्ड करणाऱ्या सॅम फिलिप्स यांनी ती फाटकी गुरगुर तशीच ठेवली. त्यांच्या कानाला ती ठेवण्यासारखी वाटली, यात मला त्यांचं मोठेपण दिसतं.

वस्तूत टोन ‘असतो’ असं मानलं की माणूस वस्तू शोधत बसतो. जुन्या कारखान्यातले न वापरलेले व्हॉल्व्ह घेण्यासाठी मुलं पगार ओततात. व्हॉल्व्हने फरक पडतो, मी नाकारत नाही. स्पीकर बदलल्याने त्याच्या कितीतरी पट पडतो आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर जवळजवळ बोलत नाही. चढवलेल्या व्हॉल्व्हचं आउटपुट घरातल्या संगीताच्या स्पीकरवर ऐकलं तर बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखं कानाला टोचतं. तेच बारा इंची कागदी कोनावर टाकलं की टोचणारा भाग गळतो, कोन स्वतः वेडावाकडा हलून त्यात आपली भर घालतो, आणि आवाज गाऊ लागतो. ‘तर्कसंग्रहा’वरच्या अन्नंभट्टाच्याच ‘दीपिका’ टीकेत शब्दाचे तीन प्रकार येतात: भेरी आणि दांडा यांच्या संयोगातून झालेला, बांबू फाटताना विभागातून झालेला, आणि शब्दातून झालेला शब्द, जो एकामागून एक उपजत कानापर्यंत पोचतो. कदंबाची कळी चहूबाजूंनी फुलते तसा तो पसरतो, असा एक दृष्टान्तही न्यायात आहे. उघड्या पाठीची पेटी खोलीच्या मधोमध ठेवली की तो दृष्टान्त पुरेपूर पटतो. बंद पेटी मात्र समोरच्याच्या छातीवर येते.

नैयायिकांनी यापुढे जाऊन एक धाडसी गोष्ट मांडली आहे. घडा होण्यापूर्वी त्याचा जो अभाव, तो प्रागभाव, त्यालाही ते घड्याचं एक कारण मानतात. या अभावाला आरंभ नाही, अंत आहे. म्हणजे मी आज दुपारी ऐकलेला एकशे दहाचा सूर अनादि काळापासून नव्हता आणि त्याचं ते नसणं आज दुपारी संपलं. तो विरला तेव्हा त्याचा ध्वंस झाला. ध्वंसाला आरंभ आहे, अंत नाही. तो सूर पुन्हा कधीही येणार नाही. उद्या येईल तो दुसरा.

‘हाच तो क्लॅप्टनचा टोन’ असं आपण म्हणतो तेव्हा काय होतं? मीमांसक म्हणतील, ओळख पटते याचाच अर्थ शब्द नित्य आहे, तोच पुन्हा प्रकट झाला. नैयायिक म्हणतात, जात तीच आहे, व्यक्ती वेगळी. दिव्याची ज्योत तीच वाटते, तसं. मी नैयायिकांच्या बाजूला आहे. म्हणून १९६६ सालचा आवाज हवा म्हणून जो अँप घेऊन येतो, त्याला मी त्याचीच गिटार आणायला सांगते. ती त्याच्याच हाताने वाजत असताना आधी स्पीकर ठरवते, मग बायस लावते. व्हॉल्व्हच्या नावाची चर्चा सगळ्यात शेवटी. काही जण वैतागतात. त्यांना एखाद्या डब्यात मिळेल असं उत्तर हवं असतं.

मोक्षही न्यायात ध्वंसाच्या साच्यात बसतो: दुःखाचा असा नाश, ज्याला आरंभ आहे आणि अंत नाही. तो आत आधीपासून लपलेला नव्हता, तो घडतो. आईला हे फार कोरडं वाटायचं. मला यात फार मोठा दिलासा वाटतो. रागीट माणूस शांत झाला तर त्याच्या आत शांती दडलेली होती असं मला म्हणावं लागत नाही. कुणाशी तरी त्याची गाठ पडली आणि जे नव्हतं ते झालं, एवढं पुरतं. न्यायातला ईश्वर निमित्तकारण आहे, कुंभारासारखा, त्याला माती लागते. काका रोज पूजेला बसत तेव्हा मनाने वेदान्ती असत, हे त्यांनी कधी लपवलं नाही. मी संध्याकाळी कारखाना बंद करताना हात जोडते तेव्हा आतलं उघड कर असं मागत नाही. नाही ते होऊ दे, असं मागते, आणि माझ्याकडून दोन सूर नेमके लागलेले असावेत याची काळजी घेते.