धान विकणाराच पैसे भरतो?

प्रोजेक्ट रिपोर्टवर सही मिळणार नाही. पेन खिशात ठेव आणि बसा चौघेही सतरंजीवर. रविवारी सकाळी सानगडीला सरांच्या घरी गेलं की सर चहा पाजतात आणि न बघता सही करतात, असं मागच्या बॅचने सांगितलं असेल तुम्हाला. चहा मिळेल.

पान ४१ काढा. ‘सिक्वेन्स डायग्राम : धान खरेदी प्रणाली.’ तू वाच, मोठ्याने. शेतकरी लॉगिन करतो, वस्तू निवडतो, पेमेंट गेटवेकडे पैसे भरतो. थांब. कोण पैसे भरतो? तुझे वडील दरवर्षी ट्रॅक्टरवर पोती लादून केंद्रावर जातात, ते धान विकायला जातात की विकत आणायला? चौघांनी हे पान पाहिलं, छापलं, सोनेरी अक्षरांच्या काळ्या बाइंडिंगमध्ये बांधून आणलं, आणि एकाच्याही डोळ्यांना खुपलं नाही! बूट विकणाऱ्या कुठल्यातरी ऑनलाइन दुकानाची आकृती उचलली आणि बुटाच्या जागी धान लिहिलं. धानाच्या जिल्ह्यात जन्मलेली पोरं तुम्ही. लाज वाटते का थोडी?

कोड आधी लिहून झाला होता ना? मग ही आकृती कशाला काढली? “रिपोर्टमध्ये लागते म्हणून, सर.” वा. लग्न लागल्यावर पत्रिका जुळवायला बसलात.

ही आकृती विद्यापीठाने तुम्हाला छळायला काढलेली नाही रे. टेलिफोनवाल्यांची ती गरज होती. फोन उचलला, नंबर फिरवला, पलीकडे घंटा गेली, कोणी उचललंच नाही, किंवा लाइन बिझी निघाली. यातलं काय आधी, काय नंतर, कोणी कोणाला कळवायचं, हे कागदावर पक्कं केल्याशिवाय एक्स्चेंज चालणार कसं? इव्हार जेकबसन हा माणूस एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातूनच पुढे आला. बूच, रम्बॉ आणि तो, अशा तिघांच्या पद्धती एकत्र होऊन यूएमएल ही आकृत्यांची भाषा तयार झाली आणि १९९७ मध्ये ती प्रमाण म्हणून मान्य झाली. तारीख पाठ करू नका, परीक्षेत मी विचारणार नाही. एवढंच बघा, की जिथे समोरून उत्तर येईलच याची खात्री नव्हती, त्या धंद्यातून हे चित्र आलं आहे. आणि तुमच्या चित्रात? प्रत्येक बाणाला लगेच उत्तर. नेट कधी जात नाही, वीज कधी जात नाही, ओटीपी कधी अडकत नाही. हे कुठलं गाव आहे? सानगडी तर नक्कीच नाही.

टेलिफोन लांबचा वाटत असेल तर आपला मामा (माजी मालगुजारी) तलाव घ्या. पाणी हवं म्हणून शेतकरी स्वतः जाऊन तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, उघडत नसे. तो पाणकराला सांगायचा, पाणकर पाळी बघायचा, मग तुडूम उघडायचं, पाटाने पाणी धानाच्या बांधीत यायचं. कोणी पाळी मोडून रात्री पाट फोडला तर खालच्याची बांधी कोरडी आणि सकाळी काठ्या. पाणी तेच, माणसंही तीच, बिघडला तो फक्त क्रम. तुमच्या आजोबांना ही आकृती तोंडपाठ होती. त्यांनी तिला इंग्रजी नाव दिलं नव्हतं, एवढंच.

आता या खोक्याकडे या. ‘सिस्टीम.’ काय आहे यात? बारदाना आहे, काहीही कोंबा. आकृतीच्या माथ्यावर ओळीने जे उभे राहतात, ज्यांच्यापासून खाली तुटक रेघ उतरते, ते खरोखर एकमेकांशी बोलणारे असले पाहिजेत. शेतकरी. केंद्रावरचा ऑपरेटर. वजनकाटा. नोंदणीचा सर्व्हर. सातबाऱ्याची आणि ई-पीक पाहणीची माहिती जिथून येते ते ठिकाण. एसएमएस पाठवणारी सेवा. बँक. शेतकरी सातबारा, आधार, पासबुक घेऊन येतो, तर त्यातलं कोण काय तपासतं? धानात १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा निघाला तर पुढे काय होतं? तुमच्या आकृतीत काहीच होत नाही, कारण ओलावा मोजणारा मीटर तुमच्या आकृतीत नाहीच. ओलं धानही गुमान पुढे सरकतं.

आणि हे बाण. सगळे एकजात सारखे. भरीव टोकाचा बाण म्हणजे मी विचारलं आणि आता उत्तर येईपर्यंत थांबलो. उघड्या टोकाचा म्हणजे सांगून मोकळा झालो, माझं काम पुढे चालू. तुम्ही एसएमएसला भरीव टोक दिलंत. म्हणजे समजलं का? एसएमएस सेवेचं उत्तर येईपर्यंत ऑपरेटर थांबणार, काट्यावरची पोती तशीच राहणार आणि मागची ट्रॅक्टरची रांग फाट्यापर्यंत जाणार. बाणाचं एक टोक चुकलं तर एवढं होतं. “टूलने तसंच काढून दिलं, सर.” टूलने! टूल केंद्रावर रांगेत उभं राहिलं होतं का?

आता खरी गोष्ट. ऑपरेटरने ४० पोती नोंदवली. पोत्यात ४० किलो, म्हणजे १६ क्विंटल. ‘जमा करा’ दाबलं आणि नेट गेलं. सर्व्हरवर नोंद झाली, उत्तर मात्र परत आलं नाही. ऑपरेटर काय करणार? पुन्हा दाबणार. तुम्हीही तेच केलं असतं. झाले ३२ क्विंटल. २०२५-२६ च्या हमीभावाने, क्विंटलला २३६९ रुपये धरा आणि सांगा, ३७,९०४ रुपयांच्या मालाची नोंद किती झाली? ७५,८०८. ते जास्तीचे पैसे शेतकऱ्याला मिळतील म्हणून हसू नकोस. सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून त्याच्या विक्रीची मर्यादा ठरते. खोट्या १६ क्विंटलने ती मर्यादा खाल्ली. दुसऱ्या दिवशी तो उरलेलं धान घेऊन आला की स्क्रीन म्हणणार, तुमचा कोटा संपला. घरी धान पडून आणि कागदावर विकलेलं. आता सांग, तो कोणाच्या दारी जाईल?

हे कोडात शोधायला गेलात तर दोन महिने जातील. कागदावर या उत्तराचा बाण, जो तुटक काढायचा असतो, विचार करून काढला असता, तरी तिथेच प्रश्न पडला असता, की हा आलाच नाही तर? मग ‘आल्ट’ची चौकट काढायची, वर उत्तर आलं ती वाट, खाली नाही आलं ती. २००५ च्या यूएमएल २.० पासून या चौकटी आहेत, वापरायला पैसे पडत नाहीत. खालच्या वाटेत लिहायचं, की पुन्हा पाठवताना पावती क्रमांक तोच आणि सर्व्हरने तो आधी पाहिला असेल तर नवी नोंद करायची नाही. दोन बाणांचं काम आहे.

आणि तू, तिकडे मान खाली घालून हसणारी, तुझं पान ४४ मी पाहिलेलं नाही असं समजू नकोस. ६३ बाण! वस्तूचं नाव आण, नाव दे, वजन आण, वजन दे. ही आकृती आहे की शेवयांचं ताट? एका प्रसंगाला एक आकृती, एका पानात मावेल एवढी. नोंदणी वेगळी, वजन वेगळं, चुकारा वेगळा. आणि आतल्या आत चालणारी आकडेमोड इथे काढायचीच नाही, तिला दुसऱ्या आकृत्या आहेत. याने काहीच दाखवलं नाही, तू सगळं दाखवलंस. वाचणाऱ्याला दोघांकडूनही सारखंच कळलं, शून्य.

चहा घ्या, निवतोय. फाईल इथेच राहील. उद्या चौघे केंद्रावर जा, लॅपटॉप नेऊ नका. कोऱ्या कागदावर उभ्या रेघा मारा आणि एका कोपऱ्यात सकाळपासून बसा. कोण कोणाला काय म्हणतो, कोण कोणाची वाट पाहतो, कोण कंटाळून दुसऱ्यांदा बटण दाबतो, ते पेन्सिलीने लिहा. खोडरबर न्या, लागेल. आणि पान ४१ वाचणाऱ्या, तू घरी गेल्यावर वडिलांना एक विचार. चुकारा जमा झाला हे त्यांना कळतं कसं, मोबाइलवर एसएमएस येतो की बँकेत पासबुक छापून आणावं लागतं? तो बाण कुठून निघतो आणि कुठे पोहोचतो, पुढच्या रविवारी मला आधी तोच दाखव.