शिनोंच्या विहिरीपाशी उतरलेली मुलगी



फ्रान्समध्ये व्हिएन नदीच्या काठी शिनों नावाचे जुने बाजाराचे गाव आहे. सभोवार द्राक्षमळे, वर टेकडीवर लांबलचक किल्ला. तिथली तांबडी वाईन नावाजलेली. टेकडीचा मऊ दगड कोरून केलेल्या तळघरांत ती मुरते. गावातल्या जुन्या चौकात एक विहीर आहे. तिच्या कठड्यावर पाय ठेवून संत जोन ऑफ आर्क घोड्यावरून उतरली, असे गावकरी सांगतात.

साल १४२९, उपवासकाळ. जोन साधारण सतरा वर्षांची, शेतकऱ्याची लेक, लिहिता-वाचता न येणारी. ऑर्लेआं शहराला पडलेला इंग्रजांचा वेढा उठवायला देवाने मला पाठवले आहे, असे ती म्हणत होती. आदल्या वर्षी हेच ऐकून एका सरदाराने तिच्या नातेवाइकाला सांगितले होते, हिला दोन थपडा द्या आणि बापाकडे पोहोचवा!

शिनोंला राजा दरबाऱ्यांत लपला आणि तिने त्याला ओळखले, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. मला मात्र त्याआधीचे दोन दिवस मोलाचे वाटतात. तिला थांबवून ठेवले होते. आत खल चालला होता. नंतरही लगेच सैन्य दिले नाही. किल्ल्याच्या बुरुजात तिची राहण्याची सोय केली, धर्मगुरूंनी प्रश्न विचारले, मग प्वातिए शहरी नेऊन जवळपास तीन आठवडे विद्वानांनी तिची परीक्षा घेतली. तिच्यात वाईट काही आढळले नाही, असा निर्वाळा मिळाल्यावरच तिला पुढे धाडले. ८ मे रोजी वेढा उठला.

आपल्या घरात जेवताना मुलगी म्हणते, "मला सिस्टर व्हायचंय." आपण हसतो. किंवा दुसऱ्याच दिवशी गावभर सांगत सुटतो आणि बिचारीला माघारी फिरायची वाट उरत नाही. तिच्याजवळ बसून, "तुला असं का वाटतं गं?" हे कितीजण विचारतात? एलीनेही बाळ शमुवेलाला दोनदा परत झोपायला पाठवले. तिसऱ्यांदा त्याच्या ध्यानात आले. पाचारण पारखायला वेळ लागतो, आणि तो वेळ घरातल्या मोठ्यांनी द्यायचा असतो.

पुढे रुआं शहरी खटला चालला, तेव्हा जोन न्यायाधीशांना पुन्हा पुन्हा सांगत होती, प्वातिएच्या वहीत पाहा. ती वही आजतागायत सापडलेली नाही. ३० मे १४३१ रोजी तिला जाळले. १४५६ साली पोपच्या आज्ञेने झालेल्या फेरचौकशीत तो निकाल रद्द ठरला, तेव्हा तिची आई हयात होती.