जगण्याचे ऋण

चूल विझली की भांड्यातले पाणी हळूहळू खोलीइतके थंड होते. निसर्गातील वस्तूंची ओढ अशी समतोलाकडे असते. मग ३७ अंश उष्णतेचा मानवी देह वर्षानुवर्षे हा नियम मोडतो काय?

१७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले, वितळलेल्या बर्फावरून त्याच्या देहाची उष्णता मोजली आणि ती कोळशाच्या ज्वलनाशी ताडून पाहिली. श्वसन हे मंद ज्वलनच, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम सिद्ध झाला, तेव्हा त्यातून देहालाही सूट मिळाली नाही.

दुसरा नियम अधिक कठोर आहे : विश्वाच्या एकूण हिशेबात अव्यवस्था कधी घटत नाही. मग पेशीतील रेखीव व्यवस्था टिकते कशी? १९४३ साली डब्लिन येथील व्याख्यानांत श्रोडिंजर यांनी हेच कोडे हाताळले. पेशी आपली घडी राखते, ती भोवताली अधिक अव्यवस्था सोडून. सुघटित अन्न आत येते. उष्णता, कर्बवायू आणि पाणी बाहेर पडते. या व्यवहाराचे चलन म्हणजे एटीपी. देहात ते एका वेळी फार तर शंभरेक ग्रॅम. पण दिवसभरात मोडून पुन्हा घडणारे एटीपी देहाच्या वजनाइतके भरू शकते. साठवण थोडी, उलाढाल प्रचंड. परमुलखी रुजलेल्या आपल्या घरांत मराठी टिकली, तीही पेटीत जपून नव्हे, रोजच्या वापराने.

येथे प्रश्न नैतिक होतो. माझी घडी जर अन्यत्रच्या विस्कटण्यावरच उभी असेल, तर जगणे हाच अपराध ठरतो काय? मला तसे वाटत नाही. अपराध टाळता येतो. हे टाळता येत नाही. जन्माबरोबरच येणाऱ्या अशा देण्याला आपल्या परंपरेने ऋण म्हटले आहे.

पण ऋण अटळ आहे म्हणून उधळपट्टी क्षम्य ठरत नाही. निसर्गनियम किमान किंमत तेवढी सांगतो. स्वस्थ बसलेल्या माणसाचा देह जुन्या शंभर वॅटच्या दिव्याहून अधिक ऊर्जा सहसा खर्चीत नाही. त्यापलीकडे आपण देहाबाहेर जे जाळतो, त्याचा जाब विचारायला निसर्गनियम येणार नाही. तो आपला आपणच द्यायचा आहे.