दोघांच्या मध्ये बसणारा

कीर्तन आटोपले की बुक्का लावून घ्यायला मंडळी येतात. त्यांत एखादे जोडपे मागे रेंगाळते. "बुवा, जरा आमच्या दोघांची समजूत घाला." अशा वेळी मध्ये बसणाऱ्याच्या भक्तीचे काम कोणते, हा प्रश्न मी स्वतःला फार उशिरा विचारला.

वीसेक वर्षांपूर्वी करवीर तालुक्यातल्या एका गावी असेच एक जोडपे आले. नवरा माळकरी, बोलका. बाई मान खाली घालून. नवऱ्याचे ऐकले आणि तासभर पतिव्रताधर्म सांगितला. पाठशाळेतली वचने जिभेवर होतीच. बाई पाया पडली तेव्हा मनगटावरचा वळ दिसला होता; विचारले नाही. पुढे कळले, घरी हात उगारताना तो म्हणे, "बुवांनीच सांगितलंय सोसायला." माझ्या तोंडचे शास्त्र त्याच्या हातची काठी झाले.

सज्जनहो, बहिणाबाईंची कथा आपल्या कोल्हापूरचीच. सतराव्या शतकात जयरामस्वामींच्या कीर्तनाला वासरू घेऊन जाणारी अकराएक वर्षांची पोर, आणि तिला मारणारा वेदपाठी नवरा. आम्ही तिच्या सोसण्याची थोरवी गातो. पण अहो, तिने तो मार लपवला कुठे? पतिव्रताधर्मावर अभंग रचणाऱ्या त्याच माउलीने आत्मचरित्रपर अभंगांत तोही सांगून ठेवला. हे मी इतकी वर्षे कीर्तनात गाळीत आलो.

कौटुंबिक हिंसाचाराचा 2005 चा कायदा आहे, त्याचे 2006 चे नियम एका वकिलांनी वाचून दाखवले. समुपदेशनात नवऱ्याने आधी लिहून द्यायचे, पुन्हा हात उगारणार नाही म्हणून. मारण्याचे समर्थन तिथे ऐकूनच घेत नाहीत. मी चपापलो. मी तर आधी तेच ऐकले होते!

मग बुवाने काय मुकाट बसावे? तसे नव्हे. समुपदेशकाच्या अंगी ईश्वरनिष्ठा असेल तर फार बरे. पण ती त्याच्या कानांत असावी, जिभेवर मागाहून. 'मी जाणता' हा अहंकार तिने आधी त्याचाच उतरवावा. दोघांनी आपण होऊन देवाची गोष्ट मागितली तर जरूर सांगावी, मात्र घरातला मार थांबल्यावर. भीत बसलेल्या माणसापुढे क्षमेचे निरूपण करणे ही भक्ती नव्हे, आळस आहे. दुखणे न तपासता काढा पाजणारा तो वैद्य कसला?

हल्ली जोडपे आले की नवऱ्याला विणेकऱ्यापाशी बसवतो आणि बाईला एकटीला विचारतो, "बाळ, घरी हात उगारतात का?" हो म्हणाली तर तिच्या संमतीने संरक्षण अधिकाऱ्यांकडे पोहोचवतो. त्या गावी त्यानंतर चार वेळा कीर्तन झाले. ती बाई पुन्हा दिसली नाही.